रिकाम्या गावातली कोंबडी

यशोदा परबिणीला कोणी विचारलं, "तुझो झिल मुंबयत काय करता गो?" तर ती सांगायची, "मधली चितरां काढता." पुढचं विचारायला कोणी धजत नसे, आणि ते बरंच होतं, कारण पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. आचऱ्यातल्या इतर बायांचे मुलगे गिरणीत होते, गोदीत होते, एकीचा तर आगबोटीवर खलाशी होता. मधली चित्रं काढणारा मुलगा मात्र अख्ख्या पंचक्रोशीत तिचाच. त्याचा अभिमान धरावा की गोष्ट झाकून ठेवावी, हे काही तिचं ठरत नव्हतं.

मधली चित्रं म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं. गिरगावात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर सत्यवानरावांचा कार्टून फिल्मांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, काही तिरपी मेजं, लोखंडी घोडीवर उलटा टांगलेला एक कॅमेरा आणि या सगळ्यावर पिठाची पातळ साय. खाली गिरणी सुरू झाली की वर कॅमेरा थरथरायचा. त्यामुळे गिरणीवाला दुपारी जेवायला बसला की माडीवर चित्रीकरणाची धांदल उडायची. माणसाचा हात वर जातो असं दाखवायचं असलं, तर तिथला मोठा चित्रकार खाली असलेला हात काढी, मग वर गेलेला हात काढी आणि चहाला निघून जाई. खालचा हात वर पोचला कसा, हे टप्प्याटप्प्याने काढत बसणं धोंडू परबाच्या वाट्याला येई.

पडद्यावर एक सेकंद सरायला चोवीस चित्रं लागतात. सत्यवानराव एकेक चित्र दोनदा टिपून ते बारावर भागवायचे आणि त्या बारांसाठीही हळहळायचे. साध्या सिनेमात आधी भरमसाट चित्रण करतात आणि मग कातर चालवतात. सत्यवानरावांची कातर आधी चालायची. गोष्ट लहान लहान कार्डांवर काढायची, कार्डं भिंतीला ओळीने टाचायची, आणि सत्यवानराव हातात स्टॉपवॉच घेऊन समोर उभे राहून सगळी फिल्म तोंडाने करून दाखवायचे. कुत्र्याचं भुंकणं, दाराची करकर, म्हातारीचं खोकणं, सगळं. जिथे त्यांना स्वतःलाच जांभई येई, तिथलं कार्ड उतरवून खिशात घालत. खिशात गेलेलं कार्ड परत भिंतीवर आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

धोंडूला सुरुवातीला हे फार जड गेलं. आचऱ्यात गोष्ट सांगायची म्हणजे ज्याची गोष्ट, त्याच्या आज्यापासून सुरुवात करायची, वाटेत दोन लग्नं आणि एक जमिनीचा तंटा उरकायचा आणि मग मूळ मुद्द्यावर यायचं. ऐकणाराही मुद्द्याच्या घाईत नसतो. धोंडूने पहिल्या बैठकीत एका माकडाची गोष्ट अशी सांगायला घेतली, तेव्हा माकड झाडावर चढायच्या आतच सत्यवानरावांचा चहा निवला होता.

"परब," ते म्हणाले, "हे माकड कुठे चढलं ते दाखव आणि कुठून पडलं ते दाखव. दोन कार्डं शेजारी लाव. मधलं बघणारा स्वतःच्या डोक्यात काढतो, आणि फुकट काढतो."

मधली चित्रं काढून ज्याच्या बोटांना घट्टे पडले होते, त्याला ही बातमी नवीन होती. पण ती त्याने मनावर घेतली. इतकी घेतली की पुढे गावी आल्यावर तो मोजकंच बोलू लागला, आणि लोक म्हणू लागले, परबाच्या झिलाला मुंबईचं वारं लागलं.

साठ सालच्या सुमारास एका सरकारी खात्याने सत्यवानरावांना ग्रामस्वच्छतेवर छोटी फिल्म करायला सांगितली. वरून आलेल्या आराखड्यात सगळं गाव हातात झाडू घेऊन रस्ता झाडत होतं. सत्यवानरावांनी तो आराखडा वाचला आणि डोकं धरून बसले. इतकी माणसं, प्रत्येकाचे दोन हात, हातात झाडू, झाडूला काड्या, आणि सगळं हलतंय.

"माणसं काढूच नका," धोंडू म्हणाला. "गाव रिकामं करा. आमच्याकडे करतात."

आणि त्याने गावपळणीची गोष्ट सांगितली, आज्याला वगळून. आचऱ्यात दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव घरदार सोडून निघतं. म्हातारेकोतारे, पोरंबाळं, गुरंढोरं, कुत्री-मांजरं, कोंबड्या, सगळे वेशीबाहेर झापांच्या खोपी बांधून तीन दिवस, तीन रात्री राहतात. गावात चूल पेटत नाही, माणसाचा आवाज उठत नाही, कोणी पाऊल टाकत नाही. मग पुन्हा कौल होतो आणि सगळे परत येतात. त्या दिवसांत गाव देवाचं असतं.

सत्यवानरावांचे डोळे पाणावले. "म्हणजे तीन दिवस नुसतं रिकामं गाव? एक मागचं चित्र रंगवायचं आणि कॅमेरा त्याच्यावरून सावकाश फिरवायचा?" गाव स्वच्छ ठेवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्यात माणसं नसणं, हे त्यांना एकदम पटलं.

पण कार्डं टाचून स्टॉपवॉच लावल्यावर त्यांना जांभई आली. रिकाम्या गावाकडे बघत बसायला कोणीतरी हवं, ज्याच्यापायी आपला जीव टांगणीला लागेल. कोणीतरी मागे राहिलं पाहिजे. कोणी कुत्रा सुचवला. सत्यवानराव म्हणाले, चार पाय. कोणी मांजर सुचवलं. ते म्हणाले, शेपूट.

"कोंबडी," धोंडू म्हणाला. "अंड्यांवर बसलेली."

अंड्यांवर बसलेली कोंबडी हलत नाही. तिचं धड एकदा काढलं की फिल्म संपेपर्यंत पुरतं. वेगळ्या पारदर्शक तावावर फक्त मान काढायची, ती कधी इकडे वळवायची, कधी तिकडे. इतकी काटकसरी नायिका सत्यवानरावांना सबंध कारकिर्दीत भेटली नव्हती. त्या दिवशी त्यांनी पदरचे पैसे घालून सगळ्यांना बटाटेवडे खिलवले.

फिल्म झाली ती खरोखरच गोड झाली. लोक निघून जातात, ओसरीवर टोपलीत कोंबडी राहते. अंगणात माडाची सावली इकडून तिकडे सरकते. पान पडतं, कोंबडी मान वळवते. विहिरीवर पोहरा वाऱ्याने हलतो, कोंबडी मान वळवते. तिसऱ्या दिवशी लांबून ढोल ऐकू येतो, माणसं परततात, आणि टोपलीत पहिलं पिल्लू कवचातून चोच काढतं. शेवटी अक्षरं येतात, 'आपलं गाव स्वच्छ ठेवा.' या दोहोंचा संबंध काय, ते खात्याच्या साहेबांना सांगता आलं नाही, पण त्यांचे डोळे ओले झाले होते, म्हणून त्यांनी सही केली.

मागची चित्रं धोंडूने सांगून रंगवून घेतली होती. गाव कुठलंही चाललं असतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर एकच गाव होतं, आणि पडद्यावर तेच उतरलं. तीच चूक झाली.

बासष्टच्या शिमग्याला धोंडू आगबोटीने मालवणला उतरला आणि तिथून घरी आला, तो दोन कारणांनी. एक, रत्नागिरीहून सरकारी गाडी आचऱ्यात फिल्म दाखवायला येणार होती. दुसरं, विठोबाच्या जानकीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं आणि सुपारी फोडायची बाकी होती. खरं तर दुसरंच कारण होतं. जानकी हसली की धोंडूला बारा चित्रांचा हिशेब आठवत नसे. पहिलं कारण त्याने विठोबासाठी राखलं होतं. होणारा जावई मुंबईत नेमकं काय करतो, हे विठोबाने तीनदा विचारलं होतं आणि यशोदेने तीनदा "मधली चितरां" असं उत्तर दिलं होतं. आता सासऱ्याने डोळ्यांनीच बघावं.

हा विठोबा देवळातला मानकरी. शब्दाला पक्का, जिभेला कडक. गावपळणीत त्याच्याकडे बघून लोक नियम पाळत. कोणाची बैलगाडी जरा रेंगाळली की विठोबा ओरडे, "देवाच्या वाटेर आडवे रवलास काय रे?" आणि गाडीवाल्याच्या आधी बैल चालू लागत. त्याचा जीव फक्त दोन ठिकाणी होता, आई नसलेल्या जानकीत आणि परसातल्या कोंबड्यांत.

शाळेच्या पटांगणात पांढरं कापड लावलं होतं. दिवेलागणीला सगळं गाव गोणपाटं घेऊन येऊन बसलं. फिल्म सुरू झाली आणि लोकांनी आपलं गाव ओळखलं. ही देवळाची दीपमाळ, हा पार, ही बांधाकडची विहीर. "अरे, ह्यां तर आमचां आंगण," असं म्हणत जो तो उठून उभा राहू लागला. पडद्यावरची माणसं बोचकी घेऊन निघाली तेव्हा हशा पिकला. मग पडद्यावर गाव रिकामं झालं, आणि पटांगणावरचंही सगळं हसू विझलं. कोंबडीने मान वळवली, कोणी हसलं नाही. पान पडलं, एक म्हातारी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेऊ लागली. धोंडू मागे उभा राहून हशाची वाट बघत होता.

फिल्म संपली. दिवा लागला. मग विठोबा उठला.

"ह्यां बघल्यान कोणी?"

लोकांच्या मनात तेच होतं. गावपळणीत आपलं गाव कसं दिसतं, हे आचऱ्यातल्या कुठल्याही माणसाला ठाऊक नसतं. ठाऊक असणं हाच गुन्हा. आणि इथे परबाच्या झिलाने विहिरीवरचा पोहरा, अंगणातली सावली, सगळं मांडून ठेवलं होतं. म्हणजे मागच्या गावपळणीत हा मेला गावात शिरला होता आणि बसून चित्रं काढत होता. वर ती सरकारला विकली.

"मी मनातल्या मनात काढलंय," धोंडू म्हणाला.

"मनातला असा हुबेहूब येता काय?" कोणीतरी म्हणालं. ही खरं तर त्याच्या कामाची शाबासकी होती, पण ती घेण्याजोगी वेळ नव्हती.

मग कोणाला तरी आठवलं की त्या गावपळणीत दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत धोंडू खोपीत नव्हताच. नव्हता हे खरं होतं. तो शेजारच्या तोंडवलीच्या किनाऱ्यावर जाऊन सुरूच्या झाडाखाली झोपला होता. पण झोपलेल्या माणसाला साक्षीदार नसतो, आणि असला तर तोही झोपलेला असतो. विठोबाने सगळ्यांदेखत सांगून टाकलं की देवासमोर याचा निकाल लागेपर्यंत सुपारी फुटणार नाही, आणि धोंडू दोषी ठरला तर त्याच्या घरच्यांनी देवळाची पायरी चढू नये. यशोदा बसायचं गोणपाट गुंडाळू लागली. तिच्या मुलाचं काम एकदाचं सगळ्या गावाला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी जानकी विहिरीवर भेटली. घागर भरता भरता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बापूस कालपासून जेवलो नाय. चारचारदा उठान कोंबड्यांका बघून येता."

"माझ्यावर इतको रागावलोहा?"

"रागावलेलो माणूस वरडता. ह्यो गप आसा. माका तो भियालोसो दिसता." आणि घागर कडेवर घेऊन ती गेली. धोंडूला याचा काही अर्थ लागला नाही. त्याला फक्त एवढं कळलं की ही मुलगी हातची गेली, तर पुढे जन्मभर मधलीच चित्रं काढत बसायचं.

सभामंडपात गाव जमलं. मधोमध दाजी बसला. दाजी म्हणजे गावातला सगळ्यात वडीलधारा मानकरी. तो बोले कमी, आणि बोलायच्या आधी तंबाखू इतकी मळायचा की निम्मी भांडणं मळून होईपर्यंत आपोआप विरत. त्याने धोंडूला विचारलं, "न बघता काढलंस, तर कसां काढलंस, तां दाखय."

धोंडूच्या ट्रंकेत स्टोरीबोर्डची कार्डं होती. लग्नानंतर जानकीला दाखवायची म्हणून त्याने ती सत्यवानरावांकडून मागून आणली होती. आता भिंत कुठली आणणार? त्याने देवळामागचा एक झाप उचलून आणला, नारळाच्या पातीचा विणलेला, आणि खराट्याचे हीर मोडून त्या काड्यांनी कार्डं त्या झापावर ओळीने टाचली. मग काठी घेऊन तो सांगू लागला. आधी हे चित्र, मग हे. हे आधी कुत्र्याचं होतं, ते काढलं. हे इथे होतं, ते तिथे नेलं.

"नेलंस कशाक?" एकाने विचारलं.

"तिथे लोकांका जांभय येय."

हे लोकांना पटलं. कीर्तनात तेच होतं. मग दुसरा पुढे सरकला आणि म्हणाला, वेशीवरून लोक जाताना दाखवले आहेत त्यात मानकरी पुढे हवेत, हे कोण मधेच म्हैस घेऊन चाललंय? तिसऱ्याला आपलं घर कुठेच दिसेना. "बांधार येवन माझां घर गाळलंस? परबांचां तेवढां बरां दाखवलंस." चौथा म्हणाला, विहिरीचं कार्ड पाराच्या आधी घे, म्हणजे माणूस चालत आल्यासारखा वाटेल. आणि तो बरोबर बोलत होता. सत्यवानराव असते तर त्यांनी त्याला नोकरीवर घेतला असता. बघता बघता चौकशी बाजूला राहिली आणि मंडळी झापाभोवती गर्दी करून कार्डं इकडची तिकडे टाचू लागली. दाजी दोनदा खाकरला. मग तोही उठला आणि दीपमाळेचं कार्ड सगळ्यात पुढे लावून परत जाग्यावर बसला.

"आता ह्यी कोंबडी," दाजी म्हणाला. "ह्यी कोणाची?"

"कोणाची नाय. मनातली."

"गावपळणीक कोंबडी ठेवन कोण जाता? सगळे घेवन जातत."

"अंड्यांर बसलेली हलवली तर अंडी फुकट जातत," धोंडू म्हणाला. "म्हणान ती रवली."

"तीन दिवस? पाण्याशिवाय?"

"तां दाखवलां नाय. गाळलां."

आणि इथे विठोबाला राहवलं नाही. इतका वेळ तो खांबाला टेकून, मान खाली घालून बसला होता. देवाधर्माच्या गोष्टीत तो गप्प राहू शकत होता. कोंबड्यांच्या बाबतीत नाही.

"गाळलां म्हणजे काय?" तो म्हणाला. "अंड्यांर बसलेली कोंबडी आंगान तापता. तीन दिवस पाण्याशिवाय ऱ्हवात ती? दुसऱ्या दिवशी दोपारीच करटी रिकामी करून बसता. मगे परत भरूची लागता. आणि ती ओसरेर कशी आसात? ओसरेर मुंगूस येता. ती वायनाच्या खोलयेत, दाराआड."

करटी म्हणजे नारळाची करवंटी. वायनाच्या खोलीत, म्हणजे जिथे भात कांडतात तिथे. लोक आधी माना डोलावत होते, जाणकार माणूस बोलतोय म्हणून. मग एकेकाची मान थांबली. दुसऱ्या दिवशी दुपारी करवंटी रिकामी होते, हे ठीक. ती भरली कोणी?

दाजीच्या तळहातावरचा अंगठा थांबला.

धोंडूला लख्ख दिसलं. त्याच्या मनातली कोंबडी विठोबाच्या घरात खरोखर होती. त्या पडद्याकडे बघून या माणसाच्या काळजाचं पाणी झालं असणार. याला वाटलं असणार, परबाच्या झिलाने आपल्याला पाहिलं. धोंडूने आता फक्त गप्प बसायचं होतं. तो सुटला असता आणि विठोबा बुडाला असता. पण बायकांच्या बाजूला जानकी उभी होती, पदर तोंडात धरून. बुडालेल्या घरातली मुलगी नेसत्या वस्त्रानिशी परबांच्या घरी येईलही, पण तिची मान पुन्हा कधी वर होणार नाही, हे धोंडूला कळलं.

देवासमोर खोटं बोलायचं नव्हतं. त्याने कातर काढली.

"विठोबाकाकांएवढो कोंबड्यांतलो जाणकार पंचक्रोशीत नाय," तो म्हणाला. हे खरं होतं. क्षणभर थांबून तो पुढे म्हणाला, "आणि कोंबडी काढूची म्हणजे जाणकाराक विचारूक होयां." हेही खरं होतं.

दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी लावून तो गप्प बसला. मधलं चित्र सभेने काढलं, फुकट. अच्छा, म्हणजे याने विठोबाला विचारून कोंबडी काढली होय. लोकांचे खांदे सैल झाले, कोणीतरी पान काढलं. धोंडूला वाटलं, सत्यवानराव इथे असते तर आज खास पाठ थोपटली असती.

दाजीने मात्र तंबाखू तोंडात टाकली नाही. "विठोबा," तो म्हणाला, "तुका ह्यान इचारल्यान?"

विठोबाने नुसतं "व्हय" म्हणायचं होतं. त्याने गाभाऱ्याकडे पाहिलं. मग धोंडूकडे पाहिलं, आणि त्याला कळलं की या पोराने आपल्यासाठी काय केलं. तेच त्याला सोसलं नाही.

"नाय," तो म्हणाला. "माका कोणी इचारूक नाय. मी गेल्लंय. दुसऱ्या दिवशी एकदा आणि तिसऱ्या दिवशी एकदा. तोंडातून शब्द काढूक नाय, चूल बघूक नाय, मागच्या दारान गेलंय, करटेत पाणी ओतलंय आणि इलंय. फिल्म बघून माका वाटलां, ह्यान माका बघलेलो, आता गावभर सांगतलो. म्हणान मीच आधी वरडलंय." आणि मग जरा थांबून, "ती तानेन मेली असती, दाजी."

ज्याला भिऊन बैल चालत, तो विठोबा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता.

दाजीने गुरवाला कौल लावायला सांगितलं. पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं झालं. दाजीने गाऱ्हाण्यात देवाला सांगितलं की म्हाराजा, तुझ्या गावात माणूस शिरलो, पण तो माणूस म्हणान शिरूक नाय, एका मुक्या जिवाची तहान घेवन शिरलो, तर काय ती चूक पोटात घाल. मंडपाने "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि यशोदेने इतरांपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाने गाऱ्हाणं मान्य केलं. विठोबाने नारळ ठेवला, नाक घासलं. धोंडूवरचा आळ तर केव्हाच उडून गेला होता. लोक पांगले, जाताना प्रत्येकाने आपापलं घर कुठल्या कार्डात घालावं, ते धोंडूला पुन्हा एकदा सांगितलं.

पायरीवर विठोबा थांबला होता.

"माझां चेडू तुकाच दितलंय," तो म्हणाला. "पण एक आसा. तां चित्र असां ठेवचां नाय. मुंबयत लोक बघतले, कोल्हापुराक बघतले. म्हणतले, आचऱ्याची माणसां कोंबडेक तानेली टाकून गेली. तिका पाणी दी. पाणी दिसल्याशिवाय अक्षता नाय."

धोंडूने समजावून पाहिलं. फिल्म छापून झाली, सरकारच्या कपाटात गेली, आता पाणी कुठून द्यायचं? विठोबा म्हणाला, तो तुझा धंदा.

मुंबईला परत जाऊन त्याने सत्यवानरावांना सगळी हकीकत सांगितली. त्यांनी डोळे पुसले आणि मग विचारलं, "हाताला चित्रं किती?" धोंडूने वाटेत आगबोटीवरच हिशेब केला होता. हात कडेने आत येणार, करवंटी ठेवणार, परत जाणार. परत जाताना तीच चित्रं उलट क्रमाने लावायची. करवंटी वेगळ्या तावावर, म्हणजे हात गेला तरी ती तिथेच राहील. मागचं चित्र जुनंच, कोंबडीचं धड जुनंच. गिरणीवाल्याच्या दोन जेवणांत काम झालं. सरकारी साहेबाला सांगितलं, फिल्ममध्ये पिण्याच्या पाण्याचा मुद्दा राहून गेला होता. साहेब म्हणाला, मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं.

फक्त एक गोष्ट सत्यवानरावांनाही कळली नाही. हाताची मुख्य चित्रं काढायला मोठा चित्रकार बसला, तेव्हा धोंडूने त्याच्या हातून पेन्सिल काढून घेतली. त्याने हात काढला तो रुंद, केसाळ, कोयत्याने कधीतरी वाकडं झालेल्या तर्जनीचा. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच मधलं सोडून दुसरं काही काढलं.

पुढच्या वर्षी गाडी पुन्हा आली. या वेळी तोंडवलीचे, चिंदरचे लोकही गोणपाटं घेऊन आले होते. विठोबा सगळ्यात पुढे, नवं धोतर नेसून, जानकीला शेजारी घेऊन बसला होता. पडद्यावर गाव रिकामं झालं. माडाची सावली सरकली. कोंबडीने मान वळवली, आणि दाराच्या कडेने एक हात आत आला, करवंटी टोपलीशी टेकवून सावकाश मागे गेला. कोंबडीने चोच बुडवली.

"कोणाचो तो हात?" मागून तोंडवलीच्या कोणीतरी विचारलं.

आचरेकर सगळे गप्प राहिले. गावातली गोष्ट परगावच्या माणसासमोर उघडी करायची नाही, असं कोणी न सांगता सगळ्यांचं ठरलं होतं. दाजीसुद्धा दुसरीकडे बघू लागला.

विठोबा उभा राहिला. मशीनच्या झोतात आडवा आला आणि त्याचा हात वर गेला, तेव्हा त्याची सावली पडद्यावर कोंबडीच्या शेजारी पडली, वाकड्या तर्जनीसकट.

"माझो," तो म्हणाला.